नर्सिंगच्या वाटेवरची केमिस्ट्री

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांची विषयसूची उघडली, की केमिस्ट्रीच्या सदरात पहिल्याच पानावर नवख्या माणसाची पंचाईत होते. सीएचएम १३० म्हणजे ‘जनरल, ऑरगॅनिक अँड बायोकेमिस्ट्री’. सीएचएम १३१ म्हणजे ‘इंट्रोडक्शन टू केमिस्ट्री’. सीएचएम १५१ म्हणजे ‘जनरल केमिस्ट्री’चा पहिला भाग. तिन्ही पहिल्या वर्षाचे, तिन्हींत अणू, रेणू आणि मोल आहेतच. शिवाय १३० च्या मागे १३०ए नावाचा एका क्रेडिटचा वेगळा कोर्स आहे. तो म्हणजे लॅब, आणि त्यासाठी नावनोंदणी वेगळी करावी लागते. नर्सिंगच्या प्रवेशअटींत मात्र पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं: केमिस्ट्री, लॅबसह. यातली नेमकी कुठली, याचं उत्तर त्या एका ओळीत मिळत नाही.

नर्स व्हायला निघालेल्या माणसाला ही बाब आधी किरकोळ वाटते. ॲनाटॉमी अवघड, मायक्रोबायॉलॉजी अवघड, असं सगळे सांगतात. केमिस्ट्री काय, एक विषय उरकून टाकायचा. पण चुकीचा कोर्स पदरात पडला तर सेमिस्टर जातं आणि पैसे जातात. वर्षातून एकदाच प्रवेश देणाऱ्या कॉलेजात अर्ज करायचा असेल, तर वर्षही जातं. अभ्यासात हुशार असलेली माणसंही इथे अडकतात, कारण ती कॉलेजच्या यादीतून सोयीचा कोर्स उचलतात आणि तो नर्सिंगला चालेल असं धरून चालतात. खरं तर सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला हवी. आधी नर्सिंग कॉलेजं ठरवायची, मग त्यांना चालणारी केमिस्ट्री शोधायची.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा घोळ चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे हा निर्णय अकरावीला शाखा घेतानाच होऊन जातो. बी.एस्सी. नर्सिंगला जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं. जीएनएम डिप्लोमाला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. कुठली केमिस्ट्री, हा प्रश्न विद्यार्थ्याला कोणी विचारत नाही. बोर्डाचं पुस्तक एकच.

अमेरिकेत नर्सिंगचं मुख्य शिक्षण सुरू होण्याआधी काही विषय स्वतंत्रपणे पुरे करावे लागतात. त्यांना प्रीरिक्विझिट म्हणतात, बोलताना नुसतं ‘प्रीरेक’. हे विषय कुठे करायचे, कधी करायचे, कुठल्या क्रमानं करायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एका कॉलेजात इंग्रजी, दुसऱ्यात ॲनाटॉमी, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिसऱ्यात केमिस्ट्री असं करून तिन्ही ट्रान्स्क्रिप्ट एकत्र जोडणारे विद्यार्थी तिथे नवलाचे नाहीत. स्वातंत्र्य मोठं आहे, आणि चुकायला वावही तेवढाच.

नोंदणीकृत नर्स म्हणजे आरएन होण्याचे तिथे दोन मुख्य रस्ते आहेत. एक, कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची असोसिएट डिग्री, म्हणजे एडीएन. दुसरा, विद्यापीठातली चार वर्षांची बीएसएन. शेवटी परीक्षा दोघांना एकच, एनक्लेक्स-आरएन. पहिला रस्ता मिल्ड्रेड मोंटॅग या शिक्षिकेच्या प्रबंधातून निघाला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १९५१ मध्ये तिनं मांडलेल्या कल्पनेवर १९५२ पासून काही कम्युनिटी कॉलेजांत प्रयोग सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेस कमी पडत होत्या आणि त्या लवकर तयार व्हायला हव्या होत्या. याखेरीज आधीच कुठलीही पदवी असलेल्यांसाठी सुमारे एक ते दीड वर्षाची ‘ॲक्सिलरेटेड’ बीएसएन असते. एडीएनची ‘दोन वर्षं’ मात्र कागदावरची समजावीत. प्रीरेक धरले तर तीन किंवा जास्त सहज होतात.

‘ॲक्सिलरेटेड’ या तिसऱ्या प्रकारात मराठी घरांचा संबंध येतो. न्यू जर्सीतलं एडिसन, कॅलिफोर्नियाचा बे एरिया, सिॲटलजवळचं रेडमंड, डॅलसजवळचं फ्रिस्को या भागांत नवऱ्याच्या नोकरीबरोबर आलेल्या, हातात बी.एस्सी. किंवा बी.ई. असलेल्या बायका बऱ्याच आहेत. मुलं शाळेत जायला लागली, की नवं काही शिकायचा विचार येतो आणि त्यात नर्सिंगचं नाव निघतंच. अमेरिकी कामगार खात्याच्या आकड्यांप्रमाणे मे २०२४ मध्ये आरएनचं मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होतं, तेव्हा विचार येण्यात नवल नाही. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर शिकता येतं. नोकरीसाठी मात्र वेगळा परवाना लागतो, आणि २०१५ पासून तो काही ठरावीक एच-४ धारकांनाच मिळतो. हा हिशेब केमिस्ट्रीच्याही आधी करायला हवा.

आता त्या तीन केमिस्ट्रींकडे वळू. राज्य बदललं की नंबर बदलतात, पण कुळं साधारण हीच राहतात.

‘इंट्रोडक्टरी’ केमिस्ट्री ही शाळेत केमिस्ट्री न झालेल्यांसाठी असते, किंवा होऊनही विसरलेल्यांसाठी. मोजमाप, अणुरचना, बंध, समीकरणं जुळवणं, द्रावणं, आम्ल आणि आम्लारी. काही नर्सिंग कॉलेजं एवढ्यावर समाधानी असतात. काही मात्र तिला पुढच्या कोर्सची तयारी समजतात आणि प्रीरेक म्हणून मोजत नाहीत.

दुसरं कूळ ‘जीओबी’, म्हणजे जनरल, ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री एकाच कोर्समध्ये, कधी दोन कोर्समध्ये. हे मुळात नर्सिंग, डायटेटिक्स, डेंटल हायजीन अशा आरोग्यशाखांसाठी बेतलेलं असतं. पहिल्या भागात मोल, वायूंचे नियम, द्रावणं, पीएच, किरणोत्सर्ग. मग अल्कोहोल, अल्डिहाइड, आम्ल, एस्टर, अमाइन हे गट, ज्यांच्या ओळखीवर निम्मं औषधशास्त्र उभं आहे. शेवटी कर्बोदकं, मेद, प्रथिनं, एन्झाइम. वेग दमवणारा असतो, खोली बेताची असते.

तिसरं कूळ विज्ञानाच्या आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची जनरल केमिस्ट्री. तिच्याबद्दल एक गैरसमज पक्का आहे: ही सगळ्यांत ‘भारी’, ती घेतली म्हणजे कुठेही चालेल. प्रवेशाच्या दृष्टीनं बऱ्याचदा ती चालतेही. पण या कोर्सचे दोन भाग असतात, आणि नर्सला रोज लागणारा मजकूर, म्हणजे समतोल, आम्ल-आम्लारी आणि बफर, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या भागात येतो. पहिल्या भागात क्वांटम अंक, इलेक्ट्रॉनांची मांडणी, रेणूंचे आकार आणि उष्णतेची गणितं यांवर आठवडेच्या आठवडे जातात. एकच भाग घेऊन थांबणारी विद्यार्थिनी ऑर्बिटलचे आकार शिकते आणि रक्ताचा बफर न शिकताच नर्सिंगला जाते. ऑरगॅनिक तर तिच्या वाट्याला येतच नाही. म्हणून आरएन होऊन वॉर्डात काम करायचं एवढंच ठरलेलं असेल, आणि निवडलेल्या सगळ्या कॉलेजांना चालत असेल, तर जीओबी हीच योग्य निवड. तिला ‘सोपी केमिस्ट्री’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

एवढी केमिस्ट्री नर्सला लागते कशाला, असा प्रश्न अमेरिकेतही विचारला जातो. सगळी नर्सिंग कॉलेजं ती मागतही नाहीत; अनेक एडीएन अभ्यासक्रम शाळेतल्या केमिस्ट्रीवर भागवतात. पण उत्तर वॉर्डातच दिसतं.

सलाइनची बाटली घ्या. तिच्यावर ०.९ टक्के सोडियम क्लोराइड लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम, लिटरला ९ ग्रॅम मीठ. मिठाचं रेणुवस्तुमान ५८.४४, भागाकार केला की लिटरमागे १५४ मिलिमोल सोडियम आणि तितकंच क्लोराइड मिळतं. दोन्ही मिळून ३०८. रक्तातल्या विरघळलेल्या कणांची संख्या याच्या आसपास असते, म्हणून हे पाणी शिरेत गेल्यावर तांबड्या पेशी फुगत नाहीत की आक्रसत नाहीत. त्याच जागी नुसतं डिस्टिल्ड वॉटर गेलं, तर पाणी पेशींत शिरेल आणि त्या फुटतील. परासरणाचा हा धडा बारावीच्या पुस्तकातही असतो. इथे तो रुग्णाच्या जिवाशी येतो.

दुसरं उदाहरण कॅल्शियमचं. इमर्जन्सीच्या ट्रॉलीत कॅल्शियमची दोन इंजेक्शनं असू शकतात, दोन्ही १० टक्क्यांची, दोन्ही १० मिलिलिटरची. एक कॅल्शियम क्लोराइड, दुसरं कॅल्शियम ग्लुकोनेट. टक्के सारखेच, म्हणून औषधही सारखंच असं समजलं तर घात. ग्लुकोनेटचा रेणू अवजड; त्याच्या वजनात कॅल्शियमचा वाटा थोडा. मिलिलिटरमागे क्लोराइडमध्ये सुमारे २७ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ग्लुकोनेटमध्ये सुमारे ९. तिप्पट फरक. रेणुवस्तुमान म्हणजे काय हे ज्याला उमगलं आहे, त्याला हा फरक पाठ करावा लागत नाही.

पोटॅशियमचं तर नावच पुरेसं आहे. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असतं. १५ टक्क्यांच्या पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या लहानशा ॲम्प्यूलमध्ये मात्र सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट मावतं. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनं १९९८ साली गंभीर दुर्घटनांबद्दल इशारापत्रकं काढायला सुरुवात केली, तेव्हा पहिलंच पत्रक पोटॅशियम क्लोराइडवर होतं. त्यातली मुख्य शिफारस अशी की संहत पोटॅशियम वॉर्डाच्या कपाटात ठेवूच नये. मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे काय, एकच धनभार असलेल्या पोटॅशियमचा एक मिलिमोल म्हणजे एक, पण दोन भार असलेल्या कॅल्शियमचा एक मिलिमोल म्हणजे दोन का, हे विद्यार्थी प्रथम शिकतात ते या केमिस्ट्रीच्याच वर्गात.

या वर्गातून नर्सला मिळणारी सगळ्यांत उपयोगी विद्या मात्र रसायनाची नाहीच, ती एककांची आहे. अमेरिकी प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात ‘डायमेन्शनल ॲनालिसिस’ शिकवतात: प्रत्येक आकड्यामागे त्याचं एकक लिहायचं आणि गुणाकार-भागाकारात नको ती एककं छाटत जायचं. समजा रुग्णाचं वजन १५४ पौंड. २.२ नं भागलं की ७० किलो. हेपॅरिन दर किलोला तासाला १८ युनिट द्यायचं आहे, म्हणजे तासाला १,२६० युनिट. पिशवीत ५०० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट आहेत, म्हणजे मिलिलिटरला ५०. तेव्हा पंप तासाला २५.२ मिलिलिटरवर लावायचा. पौंड, किलो, युनिट, मिलिलिटर एकापाठोपाठ छाटले जातात, आणि एकही एकक शिल्लक राहिलं वा उलटं पडलं की चूक कागदावरच उघडी पडते. आजचे पंप हे गणित स्वतःच करतात. पण पंपात आकडा कोणी घालायचा?

उपयोग कळला तरी कोर्स निवडायचं काम उरतंच, आणि तिथे कोर्सच्या नावापेक्षा नंबर जास्त बोलतो. टेक्सासमध्ये सरकारी कॉलेजांचे नंबर राज्यभर सारखे असतात. चार आकड्यांतला पहिला वर्ष सांगतो, दुसरा क्रेडिट. म्हणजे सीएचईएम १४०६ हा पहिल्या वर्षाचा, चार क्रेडिटचा, आरोग्यशाखांकडे झुकणारा प्रास्ताविक कोर्स; १४११ ही विज्ञानवाल्यांची जनरल केमिस्ट्री. वॉशिंग्टन राज्यात सामायिक कोर्सच्या नावाला ‘अँड’चं चिन्ह जोडलेलं असतं. ते चिन्ह दिसलं, की तो कोर्स राज्यातल्या इतर कम्युनिटी कॉलेजांत त्याच नंबरानं ओळखला जातो. तिथे नर्सिंगकडे जाणारा नेहमीचा रस्ता १२१ आणि १३१ या जोडीचा, म्हणजे आधी प्रास्ताविक, मग ऑरगॅनिक-बायोकेमिस्ट्री. १६१ हा आकडा दिसला तर ती दुसऱ्या गावाची गाडी.

वॉशिंग्टनमध्ये आणखी एक खाच आहे. तिथली कॉलेजं सेमिस्टरवर नाही, क्वार्टरवर चालतात. क्वार्टरची क्रेडिटं सेमिस्टरमध्ये मोजताना दोन तृतीयांश होतात, म्हणून पाच क्रेडिटचा भरभक्कम दिसणारा कोर्स दुसऱ्या राज्यात गेल्यावर ३.३३ भरतो. अर्ज करायच्या कॉलेजनं चार सेमिस्टर क्रेडिट मागितली असतील, तर तेवढ्या अपूर्णांकासाठी हात पुन्हा केमिस्ट्रीला लावावे लागतात. राज्य बदलण्याची शक्यता असलेल्या घरांनी, आणि आयटीतली घरं नेहमीच तशी असतात, हे ध्यानात ठेवावं.

कधी कधी केमिस्ट्री प्रवेशअटींच्या यादीत दिसतच नाही, आणि तरी ती लागते. एडीएनच्या पानावर फक्त ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी लिहिलेलं असतं. विद्यार्थिनी खूष होऊन मायक्रोबायॉलॉजीची नोंदणी करायला जाते, तर संगणक अडवतो, कारण त्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीचीच पूर्वअट केमिस्ट्री आहे. आणि केमिस्ट्रीची पूर्वअट ठरावीक पातळीची बीजगणिताची तयारी. अशी ही साखळी सुटायला एक सेमिस्टर सहज लागतं. प्रत्येक कोर्सच्या वर्णनाखाली बारीक अक्षरात ‘प्रीरिक्विझिट’ म्हणून जी ओळ असते ती वाचली, तर हा धक्का बसत नाही. तसंही फिजिऑलॉजीच्या आधी केमिस्ट्री करणं शहाणपणाचं. मूत्रपिंड बायकार्बोनेट कसं राखतं हे समजायला आधी बफर कळलेला असावा. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, आणि मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये रुग्ण खोल, भराभर श्वास का घेतो याचं कारण कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्या एका उलटसुलट चालणाऱ्या समीकरणात आहे.

भारतात शिकलेल्यांचं दुखणं निराळं. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची केमिस्ट्रीतली बी.एस्सी. असलेल्या बाईला अमेरिकेत पुन्हा पहिल्या वर्षाची केमिस्ट्री करावी लागू शकते, आणि हा अपमान नाही, नियम आहे. यामागे दोन गोष्टी असतात. एक, परदेशी पदवीचं विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि काही कॉलेजं ते करूनही विज्ञानाचे प्रीरेक अमेरिकी कॉलेजातलेच हवेत म्हणतात. दुसरी, वयाची मर्यादा. माणसाच्या नव्हे, कोर्सच्या वयाची. पुष्कळ कॉलेजं विज्ञानविषय गेल्या पाच, सात किंवा दहा वर्षांतले मागतात. २००८ साली मिळवलेला पहिला वर्ग तिथे कामाचा राहत नाही. बारावीची केमिस्ट्री तर शाळेतली धरली जाते. जिथे शाळेची चालते तिथे ती उपयोगी पडू शकते, कॉलेजचं क्रेडिट म्हणून सहसा नाही. मूल्यांकनाची फी भरण्याआधी, ते स्वीकारलं जाणार आहे का एवढं विचारलं तरी पैसे वाचतात. भारतातच जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनी मात्र या फंदात पडू नये. त्यांचा रस्ता शिक्षणाची कागदपत्रं तपासून घेऊन थेट एनक्लेक्सचा आहे.

लॅब घरून करावी की कॉलेजात जाऊन, यावर बरीच काथ्याकूट होते. कोविडच्या काळात सगळ्यांनीच ऑनलाइन लॅब चालवून घेतल्या. नंतर काही कॉलेजांनी ती सवलत कायम ठेवली, काहींनी बंद केली. टपालानं येणाऱ्या किटमधली रसायनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडून प्रयोग करणारे विद्यार्थी आजही आहेत, आणि लहान मूल सांभाळणाऱ्या बाईला ती सोय अमोल आहे. तरीही जमत असेल तर लॅबला जावं. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल मोजण्याचा साधा प्रयोग घ्या. ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग येतो, हलवलं की जातो, पुन्हा येतो, आणि एका थेंबाला तो फिका गुलाबी टिकतो. तिथेच थांबायचं. आणखी दोन थेंब गेले की गडद राणी रंग, आणि प्रयोग पहिल्यापासून. हाताला हा थेंबाचा धाक पडद्यावरच्या माउसनं लागत नाही. व्यवहाराचं कारणही आहेच: प्रत्यक्ष लॅब कुठलंही कॉलेज नाकारत नाही.

मार्कांकडे वळताना एक सावधगिरी. किमान ‘सी’ लागतो असं लिहिलेलं असतं, पण जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर असलेल्या ठिकाणी ‘सी’वाल्याचा नंबर लागणं कठीण. विज्ञानविषयांची सरासरी वेगळी काढली जाते, आणि एकच विषय किती वेळा करता येईल यावर अनेक कॉलेजांची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी एकच फेरसंधी. म्हणून नोकरी, घर आणि ॲनाटॉमी एकाच सेमिस्टरमध्ये असताना आठ आठवड्यांची उन्हाळी केमिस्ट्री अंगावर घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गाडी घसरतेय असं वाटलं तर मुदतीच्या आत कोर्स सोडावा. ट्रान्स्क्रिप्टवर ‘डब्ल्यू’ दिसेल, पण तो ‘डी’पेक्षा बरा. केमिस्ट्री प्रवेशपरीक्षेतही भेटते. २०२२ पासून चालू असलेल्या टीज परीक्षेच्या सातव्या आवृत्तीत विज्ञानाचे ४४ प्रश्न गुणांना धरले जातात. त्यांतले १८ शरीररचना आणि शरीरक्रियेचे, आठ केमिस्ट्रीचे. आठच असले तरी त्या प्रश्नांचे गुण तयारी ताजी असणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळतात.

खर्चाचं फार लिहायला नको. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशाला एका युनिटची फी २०१२ पासून ४६ डॉलर आहे, म्हणजे चार युनिटांची केमिस्ट्री १८४ डॉलरला पडते. पुस्तक आणि लॅबचा चष्मा वेगळा. रहिवासी न ठरणाऱ्याला मात्र हीच फी कित्येक पट बसते. खासगी विद्यापीठात प्रीरेक करणं म्हणजे बहुधा पैशांची उधळपट्टीच.

‘आरएन एवढंच’ असं वर म्हटलं, पण हा बेत नंतर बदलतो. न्यूयॉर्क राज्यानं डिसेंबर २०१७ मध्ये कायदा केला, की नव्यानं परवाना घेणाऱ्या आरएननं दहा वर्षांत बीएसएन पुरी केली पाहिजे. तिथे एडीएन करताना घेतलेली केमिस्ट्री पुढच्या विद्यापीठाला चालेल का, हे आजच पाहावं लागतं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या बीएसएनला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीच्या जोडीनं केमिस्ट्रीही लॅबसह लागते. शेजारच्या कम्युनिटी कॉलेजच्या एडीएनला ती न लागण्याची शक्यता असते. भूल देणारी नर्स व्हायचं असेल, तर ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री मागणारे अभ्यासक्रम पुढे भेटतील. आणि मनात कुठे तरी डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा फिजिशियन असिस्टंट व्हायचं असेल, तर जीओबीचा तिथे उपयोग नाही. त्यांना जनरल केमिस्ट्रीचे दोन्ही भाग, शिवाय पूर्ण ऑरगॅनिक लागतं. अशा विद्यार्थ्यानं जनरल केमिस्ट्रीच घ्यावी, पण दोन्ही भागांची तयारी ठेवून.

कॉलेजांमधली देवाणघेवाण तपासायला काही राज्यांत सरकारी सोय आहे. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ आणि न्यू जर्सीत ‘एनजे ट्रान्स्फर’ ही संकेतस्थळं कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात कशाला धरला जातो ते दाखवतात. त्यावर हक्कानं विसंबावं, पण शेवटचा शब्द नर्सिंग विभागाचा असतो. कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलरलाही नर्सिंगच्या बदललेल्या अटी ठाऊक असतीलच असं नाही. त्यांच्यासमोर दिवसभर सगळ्या शाखांचे विद्यार्थी येत असतात. मैत्रिणीला दोन वर्षांपूर्वी काय चाललं, यालाही फारशी किंमत देऊ नये.

तेव्हा नोंदणी उघडण्याआधी ज्या तीन-चार नर्सिंग कॉलेजांना अर्ज करायचा आहे, त्यांच्या प्रवेश विभागाला ईमेल पाठवावी. तिच्यात कोर्सचा नंबर आणि कॉलेजचं नाव लिहावं, लॅब प्रत्यक्ष आहे की ऑनलाइन ते सांगावं, कोर्स कधी पुरा होणार ते लिहावं, आणि तुमच्या केमिस्ट्रीच्या अटीत हा बसतो का, असं सरळ विचारावं. फोनवर मिळालेलं ‘हो’ पुढे कुणालाच आठवत नाही, म्हणून उत्तर लेखीच घ्यावं. ते आणि त्या सेमिस्टरचा सिलॅबस, दोन्ही प्रवेश हातात पडेपर्यंत जपून ठेवावेत.